कुत्रा हवा, पण केस नकोत!

हल्ली आमच्या मालवण किनाऱ्यावर एक नवेच खूळ शिरले आहे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांतून ते आले आणि गणपती गेले तरी इथेच राहिले. घर बांधून होते, पडवीला काचा बसतात, तारकर्ली-देवबागेकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या निघतात, आणि मग यजमानांना कुत्रा आठवतो. तो साधासुधा आठवत नाही. तो विलायती हवा. शिकारी हवा, आणि शिकारीही पक्ष्यांची. कारण पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्याचे तोंड मऊ आणि स्वभाव गरीब असतो, असे त्यांच्या कानावर आलेले असते. तो पोरांशी खेळला पाहिजे, आजीच्या देवघरात शिरता कामा नये, पाहुण्यावर भुंकता कामा नये, चोरावर मात्र भुंकला पाहिजे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचे केस गळता कामा नयेत!

या खुळाविरुद्ध मी आज दिवाळीच्या फराळात मिरची टाकणार आहे. घरातल्या मंडळींनी चकली हातात धरूनच वाचावे.

कुत्र्यांचा मी वैरी नव्हे. दत्तगुरूंच्या पायाशी बसलेली चार कुत्री ज्या घरातल्या तसबिरीत आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो हे जिथल्या पोराला ठाऊक आहे, आणि कुत्र्याला आत घेत नसाल तर मलाही स्वर्ग नको म्हणून धर्मराज दारातच अडून बसला ही कथा जिथे आजी सांगते, त्या घरात कुत्र्याची निंदा कोण करील? माझे भांडण गिऱ्हाइकाशी आहे. हा गृहस्थ कुत्रा निवडायला निघतो तो धर्मराजासारखा निघत नाही. तो शीतकपाट विकत घ्यायला निघाल्यासारखा निघतो. रंग कोणता, आवाज किती, जागा किती अडवतो, आणि खाली पाणी तर गळत नाही ना!

आता असे कुत्रे जगात नाहीतच काय? आहेत. खोटे कशाला बोलू? पूडल हा त्यांतला मुकुटमणी. नाव जर्मन, आणि त्या नावात पाण्यात डुंबण्याचा अर्थ आहे. फ्रान्सने त्याला मिरवला, सर्कसवाल्यांनी दोन पायांवर नाचवला, श्रीमंत बायांनी मांडीवर घेतला, म्हणून तो आपल्याला नखरेल वाटतो. मुळात तो पाण्यात पडलेले बदक तोंडात धरून धन्याकडे आणणारा कष्टकरी गडी. अंग भादरून सांध्यांवर आणि छातीवर केसांचे गोंडे राखण्याची त्याची जी तऱ्हा पाहून पोरे हसतात, तीही म्हणे पोहण्याच्या सोयीसाठीच निघाली. अंग हलके व्हावे, पण गार पाण्यात सांधे आणि छाती उबेत राहावी. हॉलंडच्या एडुआर्ड कोर्थाल्सने १८७० च्या सुमारास हाती घेऊन सिद्ध केलेला राठ केसांचा ग्रिफाँ आहे. तोही केस फार टाकीत नाही आणि झुडपातल्या पक्ष्याचा वास आला की एक पाय उचलून पुतळ्यासारखा उभा राहतो. इटलीचा लागोत्तो आहे. दलदलीतली बदके आणणे हा त्याचा धंदा. दलदली बुजवल्या, शेते झाली, तेव्हा त्याने जमिनीखालची ट्रफल नावाची महागडी अळंबी हुंगून काढण्याचा नवा धंदा धरला. कुत्राही धंदा बदलतो, पण बिनधंद्याचा राहत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि पोर्तुगालचा तो जलश्वान! आमच्या गाबीत बांधवांनी त्याला पाहिला तर रापणीतला अर्धा वाटा त्याला देतील. दक्षिण पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, आल्गार्व्ह प्रांतात, तो मच्छीमारांच्या होडीवर नोकरीला असे. मासळीचा थवा जाळ्याकडे हाकावा, पाण्यात पडलेले सामान बुडी मारून आणावे, एका होडीचा निरोप पोहत दुसऱ्या होडीवर न्यावा. यांत्रिक होड्या आल्या आणि त्याची नोकरी गेली. १९३० नंतर व्हास्को बेन्साउद नावाच्या एका धनाढ्य जहाजमालकाने हाती धरला म्हणून त्याचा वंश टिकला. नाहीतर तो चित्रातच उरता. २००९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्या घरी याच जातीचा बो नावाचा कुत्रा आला. थोरल्या कन्येला कुत्र्याच्या केसांचा त्रास, म्हणून हा निवडला. मग काय विचारता? साऱ्या जगाने त्याचे कुरळे केस पाहिले. त्याची होडी मात्र कोणी पाहिली नाही.

आमच्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले. काजू, मिरची, पाव एवढे आपण त्यांच्याकडून घेतले. कुरळ्या केसांच्या कुत्र्यावाचून आपले काही अडले नाही.

या प्रत्येक कुत्र्यामागे एक थंड पाणी आहे, एक धंदा आहे आणि त्याच्याबरोबर दिवसभर राबणारा एक माणूस आहे. केस न गळणे हा त्याचा गुण म्हणून कोणी पैदा केला नाही. दाट कुरळे केस हवे होते ते थंड पाण्यासाठी, काटेकुट्यांसाठी. ते जमिनीवर पडत नाहीत हा योगायोग. आपण योगायोगालाच गुण समजून पैसे मोजतो.

बरे, केस गळत नाहीत म्हणजे काय होते? लॅब्रॅडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. थंड मुलुखात ऋतू पालटला की आतला थर झडतो. आपल्याकडे ऋतू पालटतो तो नावालाच, म्हणून तो बिचारा बारा महिने झडत राहतो, आणि वहिनी बारा महिने झाडत राहतात. पूडलचे तसे नाही. त्याचा केस माणसाच्या केसासारखा दीर्घकाळ वाढतच राहतो. पण वाढतो म्हणजे कधी मरत नाही, असे नव्हे! मेलेला केस जमिनीवर न पडता कुरळ्या गुंत्यात अडकून बसतो. तो एक दिवसाआड फणीने काढावा लागतो आणि सहा-आठ आठवड्यांनी सगळे अंग भादरावे लागते. नाही भादरले तर जटा होतात, जटांचे घोंगडे होते, आणि त्या घोंगड्याखाली कातडी सडू लागते. मालवणच्या बाजारात माणसांचे केस कापणारी दुकाने हवी तितकी आहेत. कुत्र्याची हजामत मात्र घरातल्याच कोणाला तरी शिकावी लागते, आणि ते कोण शिकते हे मी सांगायला नको. केसांचा केर काढायला नको म्हणून कुत्रा आणला त्यांनी, आणि फणी आली वहिनींच्या हाती!

त्यात आमचा पाऊस. मृगापासून हस्तापर्यंत आमच्या किनाऱ्यावर पाणी पडते ते वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. त्या दिवसांत पापड मऊ पडतात, चामड्याच्या वहाणेवर बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही आणि लग्नातल्या शालूला वास येतो. अशा हवेत बोटभर जाडीची लोकर अंगावर घेऊन जो प्राणी पडवीत बसतो, त्याची अवस्था मनात आणा. त्याचे कान खाली लोंबणारे, आत केस वाढलेले. वारा लागत नाही, ओल सुकत नाही. मग कान खाजतात, घाण वास येतो, तो डोके झटकीत राहतो आणि घरातली माणसे म्हणतात, काय बाई नाचतो! तो नाचत नसतो, त्याचा कान ठणकत असतो.

गोचिडीचे प्रकरण तर वेगळेच. आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला की गोचीड बोटाला लागते. कुरळ्या जंगलात ती आठ दिवस रक्त पिऊन टपोरी होईपर्यंत पत्ता लागत नाही. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो, त्याचे रक्त उतरते, वेळेवर औषध नाही मिळाले तर तो दगावतो. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माणसांना माकडताप झाला, तोही गोचिडीतूनच. ती रानातली गोचीड निराळी आणि कुत्र्याच्या तापाची निराळी, हे खरे. पण आमच्या जिल्ह्याने तरी गोचिडीला हलके लेखू नये.

इथवरचे सगळे श्रमाचे आणि खर्चाचे झाले. ज्याला श्रम परवडतात त्याने करावेत, मी कोण बोलणारा? पण या खुळाची दुसरी बाजू आहे, आणि तिच्यासाठीच मी ही लेखणी उचलली. पुष्कळ घरांत केस न गळणारा कुत्रा मागतात तो केर नको म्हणून नव्हे. घरात एखादे लेकरू दम्याचे असते. त्याला कुत्रा हवा असतो. आईबापांचा जीव तुटतो. आणि विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो की, या जातीचे केस गळत नाहीत, तेव्हा तुमच्या मुलाला काही होणार नाही.

हे सांगणे खोटे आहे. साफ खोटे आहे! कुत्र्याचा त्रास ज्याला होतो त्याला तो केसांचा होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मुतात काही प्रथिने असतात, त्यांचा होतो. केस हे नुसते वाहन. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर सुकते, तिची भुकटी हवेत उडते. कुरळा कुत्रा अंग चाटीत नाही काय? त्याला कोंडा होत नाही काय? २०११ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी घराघरांतली धूळ गोळा करून तपासली. जिथे हे तथाकथित निर्धोक कुत्रे होते त्या घरांत आणि जिथे साधे कुत्रे होते त्या घरांत, त्या प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या अंगावरचे केसच तपासले, तर या निर्धोक जातींच्या केसांत ते प्रथिन कमी नव्हे, अधिक निघाले! फरक असतो तो एका कुत्र्यात आणि दुसऱ्या कुत्र्यात. जातीच्या नावाने हमी देणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड असतो.

माझ्या माहितीतल्या एका घरी असा एक कुरळा कुत्रा आला. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. मुलगा आठ वर्षांचा, लहानपणापासून दम्याचा. पाच आकडी रक्कम मोजून पिल्लू आणले. तीन आठवडे आनंदाचे गेले. कारण पिल्लू लहान, कोंडा थोडा, आणि दारे-खिडक्या उघड्या. पाऊस लागला, खिडक्या मिटल्या, आणि मुलाची छाती वाजू लागली. कुत्रा माजघरातून पडवीत आला, पडवीतून वाडीत माडाला बांधला गेला. तिथे तो रात्रभर विव्हळे आणि आत मुलगा उशी तोंडावर घेऊन रडे. श्रावणात एके दिवशी मुलगा शाळेतून आला तो माड मोकळा. कुत्रा घाटावर कोणाला तरी देऊन टाकला होता. त्या पोराने आईला एकच विचारले, तो माझ्यामुळे गेला काय? विकणाऱ्याला हा प्रश्न ऐकू गेला नाही. तो पुढच्या गिऱ्हाइकाला हमी देत होता.

ज्या घरात असे मूल आहे त्यांनी आधी वैद्याकडे जाऊन मुलाची तपासणी करून घ्यावी. मग जो कुत्रा आणायचा तोच, त्या जातीचा दुसरा कोणी नव्हे, मुलाजवळ काही दिवस तास-दोन तास बसवून पाहावा, आणि शक्यतो वाढलेला कुत्रा. पिल्लावरून अंदाज येत नाही. आणला तर निजायच्या खोलीत त्याला मज्जाव. आणि छाती वाजलीच तर? तर कुत्रा नको. ऐकायला कठीण आहे, पण माडाला बांधण्यापेक्षा बरे.

कोणी म्हणतील, अहो, आता तर संकर निघाले आहेत! लॅब्रॅडोरचा गरीब स्वभाव आणि पूडलचे न गळणारे केस, दोन्ही एकाच कुत्र्यात! या संकराचा जन्म ऐका. १९८९ साली ऑस्ट्रेलियात, अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या एका संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. हवाई बेटावरच्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या पतीला कुत्र्यांचा त्रास. कॉनरननी लॅब्रॅडोर आणि पूडल यांची तीन पिल्ले काढली, त्यांची लाळ आणि केस त्या पतीकडे तपासायला पाठवले. तिघांतले एकच चालले. एकाच आईबापांची, एकाच वेताची तीन भावंडे. त्यांतही हा फरक! पण लोकांनी तीनातले एक विसरून नाव तेवढे उचलले, आणि जो तो लॅब्रॅडूडल विकू लागला. २०१९ साली म्हातारपणी कॉनरन जाहीरपणे हळहळले, की आपल्या आयुष्यातली ही खंत आहे. जनकाला खंत आहे, आणि आमचे यजमान जाहिराती वाचून पिल्लाची आगाऊ नोंदणी करतात!

आता शिकारीकडे वळू. पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा पाहिजे म्हणता, तर शिकार कसली करणार? १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. त्याच्याकडे तर डोळा वर करून बघायची सोय नाही. रानकोंबडा, तित्तिर, लावा, बदक, सगळे कायद्याच्या छत्राखाली. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर गंजली, ते योग्यच झाले. शिवाय आमच्याकडे गावपारध होत असे ती डुकराची, आणि तीत धावत ते गावठी कुत्रेच. पाण्यातून पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्याची गरज आमच्या आजोबांनाही पडली नव्हती.

म्हणाल, शिकार करायची नाही हो, नुसता स्वभावासाठी हवा. छान! पण मघाशी सांगितलेले लक्षात आहे ना? कुत्रा धंदा बदलतो, बिनधंद्याचा राहत नाही. शेकडो वर्षे ज्याच्या रक्तात पक्षी भिनवला, त्याला तुम्ही पडवीत साखळीला बांधून ‘बस’ म्हणालात म्हणून तो बसेल काय? आणि आमच्या किनाऱ्यावर त्याला पक्षी शोधायला फार लांब जावे लागत नाही. गडग्यापलीकडे शेजारणीच्या कोंबड्या आहेत!

हा प्रसंग ज्याने पाहिला नाही त्याने मालवणी शेजार पाहिला नाही. बदक न दुखवता उचलून आणायला शिकलेला तो इमानी जीव. तो गडगा उडी मारून ओलांडतो, अंड्यावर आलेली तलंग अलगद तोंडात धरतो, एक पीस न मोडता, आणि शेपूट हलवीत आणून यजमानांच्या पायाशी ठेवतो. कोंबडी जिवंत, ओरडते आहे. कुत्रा शाबासकीची वाट पाहतो आहे. आणि गडग्यावरून आवाज येतो, ‘तुमच्या कुत्र्यान माझी तलंग धरल्यान! आता ती अंडी घालीत तर माका सांगा!’ यजमान म्हणतात, अहो, तिला काही झालेले नाही. पण कोंबडी घाबरली ती घाबरली. पुढचे आठ दिवस तिने अंडे घातले नाही तर तो हिशेब कुत्र्याच्या नावे. मग भरपाई, मग अबोला, मग गणपतीच्या आरतीला न येणे. आणि शाबासकीऐवजी त्या कुत्र्याच्या पाठीत काठी बसते. त्याचा गुन्हा काय? तुम्ही ज्या गुणासाठी पैसे मोजलेत, तोच गुण त्याने दाखवला!

किनाऱ्यावर मोकळा सोडला तर आणखी वाईट. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव आणि सुरय यांचे थवे आमच्या पुळणीवर उतरतात. दूरदूरच्या मुलुखातून उडून आलेले, थकलेले, वाळूवर विसावलेले. पाहुण्यांचा कुत्रा त्यांच्यात घुसतो, सगळा थवा भुर्रकन उठतो, पाहुणे टाळ्या वाजवून चित्र काढतात. पक्षी पुन्हा उतरतात, कुत्रा पुन्हा घुसतो. ज्या चरबीवर त्या पाखरांना परतीचा प्रवास करायचा, ती अशी आमच्या करमणुकीत जळते. आणि याच दिवसांत, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री वाळूवर येऊन अंडी घालते. वेंगुर्ल्याची वायंगणी घ्या, देवगडचे तांबळडेग घ्या, तिथली गावची माणसे पहाटे उठून घरटी शोधतात, कुंपण घालतात, पन्नास-पंचावन्न दिवस राखण करतात. ती राखण कोणापासून? कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून. त्यांत गावठी कुत्रेही आहेत, मी नाकारीत नाही. पण आहेत ते पुरेसे आहेत. तीक्ष्ण नाकाचा, ओल्या वाळूत उकरायला सोकावलेला आणखी एक पाहुणा तिथे कशाला?

इतके होऊनही एखादा हट्टी वाचक म्हणेल, मला तोच पाहिजे. हरकत नाही, हट्टालाही मान द्यावा. मग सर्वांत शहाणी निवड मोठ्या चणीच्या पूडलची. बुद्धीने चलाख, पोरांत रमणारा आणि मूळचा पाण्यातला. मात्र सर्कशीचे गोंडे विसरा. वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत अंगभर बोटाच्या पेराएवढे केस ठेवून भादरा आणि पावसाळाभर तसेच ठेवा. खारे पाणी लागले की गोड्या पाण्याने धुवा, कान आतून कोरडे करा, बोटांच्या बेचक्या तपासा. आणि त्याला धंदा द्या! सकाळ-संध्याकाळ खाडीवर न्या. नारळाचे सोडण घ्या, पाण्यात लांब फेका, तो पोहत जाऊन आणील. दहा वेळा फेका, वीस वेळा फेका. सोडणाला पैसे पडत नाहीत, सोडण बुडत नाही आणि सोडण अंडी घालायचे थांबत नाही. तुमचा खांदा दुखेल, त्याचा जीव शांत होईल. रोज तासभर एवढे करायला घरात माणूस नसेल, यजमान मुंबईला आणि कुत्रा राखणदाराच्या हवाली, असा बेत असेल, तर मात्र पूडल घेऊ नका. काहीच घेऊ नका. दगडी कुत्रा करून फाटकावर बसवा. त्याचे केस गळत नाहीत.

आणि ज्याला खरोखर घरात वावरणारा सोबती हवा, त्याने आपल्याच वाडीत खाली बघावे. गावठी कुत्र्याच्या आखूड केसांना हजाम लागत नाही. उभ्या कानांत वारा खेळतो. अंगावरची गोचीड दिसते. पेजेत मासळीचे डोके कालवून दिले तरी तो अन्नाला नाव ठेवीत नाही. उन्हात सावली कुठे आणि पावसात कोरडी जागा कुठे, हे त्याला शिकवावे लागत नाही. ओळखीचा कोण आणि परका कोण, हे तो आठ दिवसांत समजून घेतो. शेजारच्या कोंबड्यांत तो लहानपणापासून वाढतो आणि एखादी कोंबडी नाकावर टोचली की आयुष्यभराचा धडा घेतो.

त्याचे दोष? आहेत. तो हुकमाचा ताबेदार नाही. सोडण फेकलेत तर तुमच्याकडे बघून, तुम्हीच आणा, अशा चेहऱ्याने बसून राहील. भटकायची हौस दांडगी, म्हणून वेळेवर शस्त्रक्रिया करून घेणे बरे. रात्री बाहेर ठेवाल तर बिबट्या नेईल, आमच्याकडे हे नवल नाही. त्याला रात्री दाराच्या आत घ्यावे. तीन महिन्यांचा झाला की पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी, आणि ती दरसाल. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो, त्याचीही लस कुत्र्यांसाठी मिळते; जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. आणि हो, केस गळतात. भरपूर गळतात. काळ्या पँटवर पांढरे आणि पांढऱ्या धोतरावर काळे! आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ म्हणत, ‘कुत्रो इलो म्हणजे केस इलेच.’ त्याला उपाय हिराची केरसुणी. ती तुमच्याच माडाच्या झावळाची आहे.

या दिवसांत निवड करणे सोपेही आहे. भाद्रपदात कुत्र्यांचे जे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुत्रीचे दिवस भरायला दोन महिने लागतात, म्हणजे दिवाळीत वाडीवाडीला पिल्ले! गवताच्या उडवीखाली, जुन्या होडीच्या आडोशाला, बंद घराच्या पडवीत. आज त्यांचे डोळेही उघडलेले नसतील. आत्ताच उचलून आणू नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी. सात-आठ आठवडे ती आईजवळ राहू द्या. आई आणि भावंडे त्याला चावणे किती आणि खेळणे किती हे जे शिकवतात ते तुम्हाला शिकवता येणार नाही. तोवर रोज थोडे दूध-भात आईला नेऊन घाला, तिची ओळख करून घ्या. फटाके तिच्या बिळापासून लांब वाजवा. पौष उजाडला की पिल्लांमध्ये जाऊन बसा. जे सर्वांत आधी अंगावर चढते ते दांडगे, जे कोपऱ्यात थरथरते ते भित्रे. थोडे थांबून, बोट हुंगून, मग पायाशी येऊन बसणारे जे असेल ते घरी न्या. दोन महिने गेले, लसी झाल्या, की आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमाराला ते तुमच्या मुलांमागे शाळेच्या वाटेवर चालू लागेल.